डबा उघडायचा नाही

आमच्या खानावळीत जेवणारा प्रत्येक मुलगा मला ताई म्हणतो. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला आलेली ही पोरं... त्यांना दोन वेळची भाकरी लागते आणि रागवायला घरचं कुणीतरी लागतं. भाकरी माझी अव्वा, म्हणजे आई, करते, रागवायचं काम माझं. त्या दुपारी ऐन गर्दीत निळा डबा घेऊन एक उंच मुलगा दारात उभा राहिला, तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही.

"पार्सल संपलं. डबा ठेवा तिकडं आन् हात धुवून बसा."

"डबा भरायचा न्हाई," तो म्हणाला. "द्यायचाय."

"रिकामाच?" मी डबा ओढून घेतला आणि झाकणाच्या खिटीखाली अंगठा घातलासुद्धा.

"थांबा—" त्यानं झाकणावर तळवा ठेवला. माझ्या हाताला लागणार नाही असा, अगदी बोटभर अंतरावर. "हा आत्ता उघडायचा न्हाई. बाळ व्हईल त्या दिवशीच उघडायचा."

मग कळलं. हा तोच डबा होता, ज्याची आम्ही घरातली सगळी माणसं वाट बघत होतो आणि ज्याला सगळी घाबरत होतो.

मी जन्माची भित्री. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी घाबरते. पण रुद्राणीच्या बाबतीत मी एकटीच भित्री नव्हते. रुद्राणी म्हणजे गुरुलिंगदादाची मुलगी, यंदा पहिलीत गेलेली. तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर महिन्याला बाहेरून चढवावं लागतं. महिना भरत आला की तिचे ओठ पांढरे पडतात, ती पायरीवर बसून राहते आणि म्हणते, "आत्या, मी नंतर खेळते." ते ऐकलं की माझ्या हातातली पळी तशीच राहते.

तिच्या आईला, सिंधुवहिनीला, आता दिवस गेले होते. पोटातल्या बाळाला हा आजार नाही, एवढं तपासणीत कळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बाळ झालं की नाळेतलं रक्त साठवू. जुळलं, तर तेच रुद्राणीला देता येईल.

आणि ते रक्त गोळा करायला पाठवलेला माणूस माझ्यासमोर बसून येसराच्या आमटीत भाकरी कुस्करत होता. नाव आनंदराज, गाव लोहा. रक्तपेढीच्या कामानं नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे फिरायचा.

"बाळ झालं, नाळ कापली, की नाळेत अन् वारेत उरलेलं रक्त एरवी फेकूनच देतात," तो सांगत होता. "त्यात रक्ताचं बियाणं असतंय. ते रुजलं तर हिच्या अंगात नवं रक्त तयार व्हायला लागंल."

"अन् न्हाई रुजलं तर?"

त्यानं वर बघितलं. "आधी जुळायला पाहिजे. सख्ख्या भावंडाचं जुळायची आशा चारात एक."

"आमच्याकडं लग्नाला बी एवढं जुळवत न्हाईत," मी उगाच हसून बोलले.

"तुमच्याकडं लग्नाला काय जुळवतात ते मला म्हाईत हाय," तो म्हणाला, तोही हसून. पण नंतर आमटीच पीत राहिला.

जाताना त्यानं बजावलं, डबा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, उघडायचा तर मुळीच नाही. "येतो," म्हणाला. फक्त येतो. ताई म्हणाला नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

मग त्याचे फोन सुरू झाले.

"डबा बरा हाय का?"

"बरा हाय. जेवला, झोपला."

"तुम्ही जेवल्या का?"

"हे डब्याच्या कामात येतं का?"

"येतंय ना. डबा सांभाळणारं माणूस धड पाहिजे."

लातूरला काम निघालं की तो जेवायला आमच्याकडेच यायचा, आणि लातूरला त्याचं काम फारच निघायला लागलं होतं. तो आला की मी भाकरी वाढताना स्वतःच्या हाताकडेच बघायची. एकदा जेवता जेवता त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "जय भीम, आई. हाव, जेवून राहिलो." मी चटकन मागे वळून पाहिलं. उंबऱ्याच्या आत अव्वा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला... आणि पुन्हा सुरू झाला.

आमच्याकडे बाहेरच्या पडवीत खानावळ आहे. उंबऱ्याच्या आत स्वयंपाकघर आणि देवघर. अव्वा गंगम्मा रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि बाहेरचं माणूस उंबरा ओलांडत नाही. इतकी वर्षं मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता तो उंबरा सारखा नजरेला टोचायचा. आनंदराज मला आवडायला लागला होता, आणि हे कुणाला कळेल या भीतीनं मी त्याला आमटीसुद्धा इतरांपेक्षा कमीच वाढायची.

परतीचा पाऊस धो धो कोसळत होता, त्या दिवशी वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. अजून दिवस भरायचे होते. दादा तिला रिक्षात घालून दवाखान्यात गेला. मी डबा घ्यायला देवघरात धावले. डबा अव्वानं हट्टानं देवघरातच ठेवला होता. उचलला, तर झाकण सैल होतं.

सीलची पट्टी व्यवस्थित कापलेली होती. आत रक्ताच्या पिशवीचं पाकीट फाडलेलं आणि त्यात चिमूट चिमूट विभूती.

"अव्वा... हे कुणी केलं?"

"मी," अव्वा म्हणाली. तिला त्यात काही चूक वाटत नव्हती. आठव्या महिन्यात आमच्याकडे पोटातल्या बाळाला लिंगदीक्षा देतात. त्यासाठी स्वामी आले होते, त्याच दिवशी तिनं हे केलं होतं. "नाळेचं रक्त त्यात जाणार ना? मग कोऱ्या पिशवीत कसं घालायचं लेकराचं रक्त? विभूती नको?"

"अव्वा, ती पिशवी निर्जंतुक असते. आता ती चालत न्हाई. काहीच चालत न्हाई."

अव्वा खालीच बसली. मी फोन लावला. "पाकीट फाडलंय," एवढंच म्हटलं, आनंदराजला कळलं.

"दुसरा डबा हाय माझ्याकडं. लोह्याहून निघालो. तुम्ही दवाखान्यात थांबा."

"पाऊस लई हाय."

"हाय."

"तुम्ही... सावकाश या," मी म्हटलं, आणि स्वतःचाच राग आला. सावकाश आला तर रुद्राणीचं काय? घाईत आला तर त्याचं काय? त्या क्षणी मला दोन्ही भीती सारख्याच वाटल्या, आणि तो माझ्यासाठी कोण आहे ते मला कळलं. पण ते कुणाला सांगण्याची ती वेळ नव्हती.

अव्वाला घेऊन मी दवाखान्यात पोचले आणि फाटकात छत्री न उघडताच उभी राहिले. डॉक्टरबाई एकदा बाहेर येऊन सांगून गेल्या, दुसरं बाळंतपण आहे, बाळ कुणासाठी थांबायचं नाही. नाळ कापल्यावर काही मिनिटांतच रक्त घ्यावं लागतं. नंतर ते आतच गोठतं. त्याला फोन लागत नव्हता. वाटेतल्या ओढ्यांना पूर आल्याचं लोक बोलत होते. पाण्यात वाहून गेलेली मोटारसायकल मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. मी डोळे मिटले तरी दिसत होती.

तेवढ्यात एका टेम्पोतून तो उतरला. चिखलानं भरलेला, अंगाला भिजल्या सोयाबीनचा वास, आणि डबा छातीशी धरलेला.

"गाडी ओढ्याच्या पलीकडं सोडली," तो धापा टाकत म्हणाला. "सोयाबीनच्या ट्रॅक्टरवर बसून पाणी ओलांडलं. झालं का बाळ?"

"न्हाई अजून."

आत दारापाशी अव्वा उभी होती. हातात विभूतीची डबी. ती त्याला वाटच देईना. तो थांबला. मला वाटलं, आता हा चिडणार.

"मावशी," तो म्हणाला, "आत न्हाई. बाहीरून लावा. झाकणावर लावलेली चालती."

अव्वानं झाकणावर तीन पट्टे ओढले. सवयीनं तिचा हात त्याच्या कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"मला नुसता आशीर्वाद द्या," तो म्हणाला, आणि हात धुवायला पळाला.

पुढचा वेळ मी भिंतीला टेकून काढला. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. सगळे हसले. मी मात्र दाराकडेच बघत होते. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला.

"पोरगा झाला. वहिनी बऱ्या हायेत. पिशवी भरली... पण काठोकाठ न्हाई. डॉक्टर म्हनतात, जुळलं अन् हे कमी पडलं तर बाळ जरा मोठं झाल्यावर त्याच्या हाडातला थोडा मगज घेता येतो." तो डबा बंद करत होता. "हे आजच पुण्याला पोचवायचंय."

मी आमच्या घरचा स्टीलचा डबा त्याच्या हातात दिला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

त्यानं बघितलं. "हा उघडला तर चालंल का?"

त्या अख्ख्या दिवसात मी तेव्हा पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले.

मग निकालाची वाट बघणं सुरू झालं. बाळ दूध प्यायचं, रुद्राणी त्याच्या मुठीत आपलं बोट देऊन बसायची आणि आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघायचं टाळायचो. निकालाच्या दिवशी दादा डॉक्टरांकडे गेला, आणि दुपारची गर्दी ओसरल्यावर आनंदराज दारात उभा राहिला. फोन न करता आला होता. माझ्या हातातून पळीच निसटली.

"न्हाई जुळलं का?"

"मला म्हाईत न्हाई. आम्हाला सांगत न्हाईत, डॉक्टरलाच सांगतात. आज कळणार एवढंच म्हाईत हाय."

"मग तुम्ही..."

"भ्या वाटलं म्हनून आलो."

मी त्याला ताट वाढलं. त्यानं घास मोडला नाही.

"मी लई डबे नेलेत, अंबिका. पुढं त्यांचं काय झालं कधी इचारलं न्हाई. इचारलं तर काम व्हत न्हाई." तो हळू आवाजात बोलत होता. "पण ह्या डब्याचं... न्हाई जुळलं, तर मला बघितलं की तुम्हाला तेच आठवंल. अन् जुळलं तर डब्याचं काम संपलं. मग मी फोन कशावरून करू?"

पोरांची उष्टी ताटं तशीच पडली होती.

"कशावरून बी करा," मी म्हटलं. "तुम्ही त्या दिवशी पुरात होता ना... तेव्हाच कळलं मला. तुम्ही मला आवडता. अन् मला त्याची बी लई भीती वाटती."

तो काही बोलणार, तोच आत फोन वाजला. अव्वानं उचलला. आतून काहीच ऐकू येईना. मग अव्वा उंबऱ्यात आली, तोंडाला पदर लावून, डोळे गळत होते.

"गुरू रडून राहिला, त्याला बोलता येईना," ती म्हणाली. "जुळलं म्हने. बाळाचं अन् रुद्राणीचं जुळलं."

मी मटकन खाली बसले. आनंदराजनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. अव्वानं आमच्याकडे बघितलं. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे. मग ती पुढे झाली आणि त्याच्यासमोरचं ताट उचललं.

"हे गार झालं. आत ये. आत गरम हाय."

तो उठला, पण उंबऱ्याशी अडखळला. "मावशी, मी आत—"

"तू कोण हाईस ते म्हाईत हाय मला. आईला जय भीम म्हनालास, तवाच ऐकलंय." अव्वा वळून चालायला लागली होती. "चल. भाकरी तव्यावर हाय, करपंल."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि उंबरा ओलांडला.

पुढे सगळं अवघडच आहे. पुण्याचा दवाखाना, रुद्राणीला एकटीला ठेवतील ती बंद खोली, आधीची कडक औषधं, आणि ते बियाणं रुजतं की नाही याची वाट बघणं. चुलीसमोर पाटावर बसलेल्या त्याला मी भाकरी वाढली, या वेळी मोठी.

"अजून भ्या वाटतं?" त्यानं हळूच विचारलं.

"हाव."

"मला बी." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमचा स्टीलचा डबा परत द्यायचा राहिलाय. आज बी आणायला इसरलो."

"इसरत जा," मी म्हटलं.