गुडघ्यांच्या जागा

युफेमिया रेंडलने ऑर्कनी बेटांवरच्या चारशे ऐंशी वनस्पती ओळखल्या होत्या आणि एकीतही ती चुकली नव्हती. एडिनबराच्या प्राध्यापकांनी दोनदा तिचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा माफीचं पत्र त्यांनाच लिहावं लागलं. त्यामुळे १८६८च्या जुलैत पाणचक्कीमागच्या कुरणात चारशे एक्याऐंशीवी सापडली तेव्हा ती हरखली, पण गोंधळली नाही. बोटभर उंची, दातेरी पानं, टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं. तासभर भिंगातून पाहिलं. माहितीतल्या कुठल्याच जातीत बसेना. म्हणजे नवी.

विचित्र होती ती फक्त उगवायची तऱ्हा. शेजारी शेजारी दोन गोल पुंजके, बशीएवढे. बाकी अख्ख्या कुरणात एकही रोप नाही.

आठवडाभरात अशा अकरा जोड्या सापडल्या. जुनी टिपणवही उघडल्यावर तिच्या ध्यानात आलं, गेल्या उन्हाळ्यात जिथे जिथे ती गुडघे टेकून बसली होती, नेमकं तिथेच.

"बी माझ्या घागऱ्याला चिकटून फिरतंय," तिने बहिणीला सांगितलं.

टॉमिना तव्यावरची ओटची भाकरी उलटत होती. "घरची फरशी पुसायला कधी टेकलेस का गं एवढे गुडघे? तो घागरा आधी धुवायला टाक."

"टाकते. आणि जिथे मी कधीच गेले नाही असं एखादं बेट बघून येते. तिथे हे रोप नसणार. तेवढं सिद्ध झालं की लेख पुरा."

गुरुवारी नावाडी सँडर्स फ्लेट तिला ग्रुनीहोमला घेऊन निघाला. तिथे माणूस राहत नव्हता, आणि तिनेही कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"बाई, तिथे मेंढ्यांच्या लेंड्यांशिवाय काही मिळायचं नाही तुम्हाला."

"मग लेंड्यांनाच नाव देऊ."

सँडर्स खो खो हसला. तो होडीतच पाइप ओढत बसला.

किनाऱ्यापासून दहा पावलांवर पहिली जोडी होती.

युफेमियाने गुडघे टेकून पाहिले. नेमके बसले. घोड्यावरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा किंचित बाहेर टेकायचा. डावा पुंजकाही किंचित बाहेर होता.

वारा पडला होता. मेंढ्या बेटाच्या पलीकडच्या टोकाला दाटीवाटीने उभ्या होत्या. अलीकडच्या गवताला त्यांनी तोंडही लावलेलं नव्हतं.

ती जोड्या मोजत चढ चढली. सतरा. दोन जोड्यांमधलं अंतर कमी कमी होत गेलेलं.

सतराव्या जोडीपुढे दोन लहान पुंजके. तळहातांएवढे.

त्यांच्यापुढे एक लांबट.

तिने मोजायची फीत काढली. पाच फूट तीन इंच, तिच्याएवढंच. वरचं टोक गोल आणि अरुंद, त्याखाली एकदम रुंद.

ती भिंग घेऊन वाकली. बाकी सगळीकडे फुलं होती. इथे नुसत्या कळ्या, घट्ट मिटलेल्या. अपुरा नमुना तिने आजवर कुणाला पाठवला नव्हता.

"झालं का काम?" ती खाली आल्यावर सँडर्सने विचारलं.

"जवळजवळ." घागरा सावरून ती होडीत बसली. "पुढच्या गुरुवारी मला इथे परत आण. तोवर फुलेल. आणि सोडून तू निघून जा, थांबू नकोस. मला वेळ लागेल."