आक्काबाईंच्या दिव्यावरचा कॅमेरा

लाईट गेले की चिमाजीतात्यांच्या ओट्यावर पोरं जमायची. त्या रात्री स्वराज आणि दिशा होते. तात्यांनी आधी त्यांची बॅटरी विझवायला लावली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ऐकीव सांगत नाही. वाल्मीक शूटिंगवाला माझ्या समोरच्या गाळ्यात बसायचा. त्याच्याच तोंडून ऐकलंय. सांगताना त्याचा चहा पार गार झाला, तरी त्याने घोट घेतला नाही."

तर हा वाल्मीक. नाशिक रोडला लग्नं-मुंजी शूट करायचा. शाळा अर्धवट सुटलेली, पण अख्खा कॅमेरा खोलून परत जोडणारा. इंटरनेटवरून लाईव्ह दाखवायचं काम त्या भागात तेव्हा तो एकटाच घ्यायचा. साल दोन हजार आठ, अठरा नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी त्याला भाग्यश्रीताईचा फोन आला.

ताईची आई, आक्काबाई, जाऊन नऊ दिवस झाले होते. जेल रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. सहा वर्षं आईचं उठवणं-बसवणं, धुणं-पुसणं ताईनेच केलं. मुलगा कुंदन अमेरिकेत. तो ना दवाखान्यात आला, ना अग्नी द्यायला. दहाव्यालाही येणार नव्हता. रजा नाही म्हणे. आई काय दरवर्षी मरते.

त्यांच्या घरची रीत अशी, की दहाव्याच्या आदल्या रात्री, माणूस जिथे गेलं त्या जागी परातीत पीठ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची, शेजारी दिवा लावायचा. दिव्यावर रात्रभर घरच्या कुणाची तरी नजर हवी. सकाळी टोपली उचलायची. पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्या रूपाने माणूस परत येणार.

कुंदन फोनवर म्हणाला होता, "ताई, तू नऊ रात्री जागलीस. आज मी जागतो. तुमच्याकडे रात्र तेव्हा इथे दिवसच असतो. वाल्मीकला कॅमेरा लावायला सांग आणि तू झोप." ताई फोन ठेवून रडली. भाऊ शेवटी आईचा झाला, असं तिला वाटलं.

वाल्मीकलाही बरं वाटलं. कुंदन त्याचा वर्गमित्र, आणि आक्काबाईंच्या हातचं तो लहानपणापासून जेवलेला. त्याने पहिला कॅमेरा घेतला तेव्हा त्याच्यापुढे पहिल्यांदा बसल्या त्या आक्काबाईच. पदर सारखा करून म्हणाल्या होत्या, "मला मधोमध घे रे बाबा. कडेला टाकू नको."

म्हणून त्याने काम मन लावून केलं. कॉम्प्युटरचा छोटा कॅमेरा अंधारात आंधळा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. तो बाजूला ठेवला आणि लग्नाचा मोठा कॅमेरा स्टँडवर चढवला. स्टँडच्या एका पायाचं रबर हरवलं होतं, तिथे त्याने इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच बसवलेलं. हॅलोजन लावून पाहिला, तर दिव्याची ज्योतच दिसेना. मग चाळीसचा पिवळा बल्ब घेतला, त्यावर बटर पेपर, तोंड भिंतीकडे. ज्योत उठून दिसू लागली. पंखा बंद केला आणि कॉलरचा माइक दिव्यापासून हातभर अंतरावर ठेवला. हेडफोनमध्ये वात तडतडलेली ऐकू येत होती.

साडेअकराला ताई पुढच्या खोलीत आडवी झाली. "त्याला दिवा नीट दिसतोय ना रे?"

"मधोमध दिसतोय, ताई."

बारा वाजता कुंदन हेडफोनमध्ये म्हणाला, "छान आलंय. कॅमेरा जरा डावीकडे घे."

वाल्मीकने घेतला.

"अजून थोडा. लाईटही तिकडे फिरव. आणि माइक दाराजवळ ठेव."

"दाराजवळ कशाला?"

"कुणी आलं-गेलं तर कळायला."

वाल्मीकने पडद्याकडे पाहिलं. दिवा उजव्या कडेला जेमतेम उरला होता. मधोमध आक्काबाईंचं लोखंडी कपाट.

"कुंदन, दिवा बाहेर चाललाय."

"जाऊ दे. कपाट दिसलं म्हणजे झालं. सहा वर्षं किल्ली ताईकडे आहे. आज ते उघडलं तर मला दिसलं पाहिजे. तिला बोलू नको."

वाल्मीकचा हात स्टँडवर तसाच राहिला. पलीकडे ताई नऊ रात्रींची झोप काढत होती, भाऊ जागतोय या भरवशावर. आणि तिच्यावरच पहारा बसत होता. बल्ब, बटर पेपर, माइक, सगळं आपण निवडलेलं. दोस्ताला नाही म्हणवलं नाही, तिथे तो चुकला. त्याने कॅमेरा फिरवला. दिवा चौकटीतून गेला.

एक वाजून चाळीस मिनिटं.

"वाल्मीक, परत दिव्यावर का नेलास?"

"नेला नाही."

"मला दिवाच दिसतोय. मधोमध."

वाल्मीकने कॅमेरा पाहिला. कपाटाकडे. पडदा पाहिला. कपाटच.

"कपाटावरच आहे, कुंदन."



"दिव्यापाशी कोण बसलंय?"

वाल्मीकने मान वळवली. दिवा. टोपली. कुणी नाही.

"ताई आहे का?... नाही. ताई नाही ही." कुंदनचा आवाज बारीक झाला. "पदर सारखा करतेय... वाल्मीक, बंद कर."

त्याने कॅमेऱ्याची वायर उपटली. पडदा काळा झाला.

"केला. वायर माझ्या हातात आहे."

"मग मला अजून कशी दिसतेय..."

...

"वर बघतेय. माझ्याकडे..."

फोन तुटला.

हेडफोनमध्ये आता कुणी नव्हतं. माइक पार तिकडे दाराशी. तरी वात तडतडली. अगदी कानाशी. मग कुणीतरी श्वास घेतला.

"...मधोमध घे रे बाबा."

ओट्यावर दिशाने स्वराजचा हात धरला. तात्यांनी तंबाखू थुंकली.

वाल्मीकने हेडफोन काढला. दिव्यापाशी जाऊन बसला. पहाटेपर्यंत तेल घालत राहिला. एकदाही उठला नाही.

उजाडल्यावर ताई आत आली. मागे शेजारची कुसाबाई. गावाकडची म्हातारी, पिठातली पावलं वाचणारी.

"रात्रभर दिव्यापाशी होता ना रे कुंदन?"

वाल्मीकला खोटं बोलता आलं असतं. ताईचं तोंड बघून नाही बोलवलं.

"कपाटापाशी होता, ताई."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग कपाटाकडे. मग वळलेल्या कॅमेऱ्याकडे. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. कमरेची किल्ली काढून तिने कपाटावर ठेवली. खाली बसली. टोपली उचलली.

कुसाबाई वाकली. "गाईचं नाय. पाखराचंबी नाय." तिने डोळे चोळले. "इतकी वर्सं बघते मी... असलं पाऊल नाय पाहिलं."

पिठात तीन गोल ठसे होते. जवळजवळ. दोन रबराचे. तिसरा बुचाचा, मधे सुई टोचल्याच्या भोकासकट.

वाल्मीकने मागे पाहिलं. स्टँड कपाटासमोरच उभा होता. तिन्ही पाय पसरून, रात्री होता तिथे. एवढ्याशा परातीत तो मावलाच नसता.

पायांना पिठाचा कण नव्हता.