वळणापलीकडची घंटी

माझा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, म्हणून आधीच सांगून ठेवते: भृंगराज हा नकल्या पक्षी. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा. मांजर, ससाणा, करवत, वाट्टेल तो आवाज काढतो मेला. त्यामुळे तळ्याकाठच्या झाडीत आमच्या ह्यांच्या सायकलची घंटी वाजली, तेव्हा मी मुळीच दचकले नाही.

हे नेहमी माझ्या पुढे. पक्षी दिसला की थांबायचे आणि घंटी द्यायचे. एकदा लांब, मग दोनदा छोटी. म्हणजे, "मास्तरीणबाई, लवकर या!" मी धापा टाकत पोहोचेपर्यंत पक्षी भुर्र. मग घरापर्यंत माझी थट्टा. वर्षानुवर्षं ऐकून भृंगराजानं ती घंटी उचलली, एवढंच.

हे गेल्यावरही मी रोज सकाळी सायकल काढायची ती त्या घंटीसाठी. ह्यांच्या शेवटच्या घटकेला मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा घेत होते. ह्यांनी मला हाक मारली असेल का? या एका प्रश्नानं जीव नुसता कुरतडून निघायचा. जवळ लेक होती. तिला विचारलं की म्हणायची, "काही नाही गं बोलले बाबा." आणि दुसरीकडे बघायची.

माझं एकटीनं भटकणं तिला पसंत नव्हतं. रविवारी तीच सोबत आली. कोवळं ऊन होतं, काठावर एक बगळा एका पायावर उभा. तळ्याशी आम्ही थांबलो आणि घंटी वाजली.

"तो बघ, फांदीवर. अगदी बाबांसारखी वाजवतो की नाही?"

लेक हसली. डोळे भरले होते तिचे.

भृंगराजानं मान तिरपी केली. आणि ह्यांच्याच दमलेल्या, तुटक आवाजात बोलला,

"मास्तरीणबाईंना म्हणावं, चहा निवांत प्या. मी पुढे थांबतो."

मला रडूच फुटलं. शेवटपर्यंत माझीच काळजी! असेच होते हो हे.

लेक मात्र पांढरीफटक पडली.

"आई, हे फक्त मी ऐकलं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, तू लगेच बाबांच्या मागे निघशील."

भृंगराज उडाला. आमच्या डोक्यावरून मागे, घराच्या दिशेनं गेला.

घंटी पुन्हा वाजली. पुढे, वळणापलीकडे. एकदा लांब, मग दोनदा छोटी.

"आई, पाय खाली ठेव."

लेकीनं माझ्या सायकलचं कॅरिअर दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. पायडलवर पाय मी कधी ठेवला, मला ठाऊक नाही.