पालथ्या चपला

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच येतात. आठवीनंतर शाळा सुटली. चुका सांभाळून घ्या, पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी मंडीदीपच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आमच्या शेजारचे अच्युतकाका तलावाकाठच्या कलासंग्रहालयात ठेक्यावर पहारेकरी. परवा मला सुट्टी होती म्हणून त्यांनीच मला तिथं नेलं. म्हणाले, "चित्र कळलं नाही तर गंभीर तोंड करून उभं राहायचं. मोठमोठे लोक तेच करतात."

दुपारी गर्दी नव्हती. काका पाणी प्यायला गेले आणि शेवटच्या दालनात मी एकटा उरलो. तिथं शेवाळाचा वास येत होता. जमिनीवर नुसता लाकडी उंबरठा मांडला होता आणि त्याच्यापुढे पुरुषाच्या चपला, दोन्ही पालथ्या. आमच्या घरी पालथी चप्पल दिसली की आधी ती सरळ करायची, नाहीतर भांडण होतं म्हणतात. मी विचारच केला नाही. वाकून दोन्ही सरळ केल्या. चामडं ओलं होतं.

पावलं वाजली तसा मी शेजारच्या दालनात सरकलो. काकांबरोबर एक बाई आल्या. ती मांडणी त्यांचीच होती. कमलिनीताई त्यांचं नाव. चपला बघून त्या खालीच बसल्या.

"सरळ कुणी केल्या?" त्या हळूच म्हणाल्या. "माझा भाऊ तलावात बुडाला, काका. तो अनवाणी कुठं जात नसे... म्हणून पालथ्या ठेवल्या होत्या. इथंच राहील म्हणून..."

काका हात जोडून सांगत होते, "मी हात लावला नाही." तेवढ्यात ऑफिसातले साहेब आले, त्यांनी ऐकलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले. मी दाराआड उभा राहून सगळं ऐकलं. बाहेर आलो नाही.

संध्याकाळी बसनं आमच्या कोटऱ्याला उतरलो. गल्लीत शिरल्यावर मागून ओल्या चपलांचा आवाज यायला लागला. फट... फट... मी थांबलो की तोही थांबे. मागं बघायची छाती झाली नाही.

आई दारातच होती. माझ्या खांद्यावरून तिनं पलीकडे पाहिलं.

"मित्राला बाहेर काय उभं करतोस? ये रे बाळा, आत ये."

मी वळलो. गल्ली रिकामी होती. पण आईनं अंग चोरून कुणाला तरी वाट दिली.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सात वाजताच संग्रहालयाच्या फाटकावर जाऊन बसलो. साहेब आल्यावर सगळं कबूल केलं. काकांना परत कामावर घेतलं, पण ते माझ्याकडे बघेनात. कमलिनीताई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "तुझ्या घरी कुणी त्याला आत ये म्हणालं का? बाहेरच असला तर मी परत आणीन. एकदा कुणी आत घेतलं, तर मग..."

मी आईचं नाव घेऊ शकलो नाही. नाही म्हणालो, आणि घरी न जाता मंडीदीपची बस पकडली.