पाण्याचा ताप

खाली कुणी आहे का हे न बघताच तिने गच्चीवरून रोपांच्या पाण्याची बादली उलटी केली. कुणी ओरडलं नाही, म्हणून तिला हायसं वाटलं. थोड्या वेळाने जिन्याच्या दारात एक तरुण येऊन उभा राहिला... नखशिखांत भिजलेला.

"हे पाणी तुमचंच?"

"हो... म्हणजे, अगदी चुकून—"

त्याने डबीतून कागदाची एक पट्टी काढली, भिजलेल्या बाहीवर दाबली आणि उजेडात धरली. "पाणी फार अल्कधर्मी झालंय, पीएच आठाच्या जवळ गेलाय. तुमच्या रोपांची कोवळी पानं पिवळी पडताहेत ना?"

इतकं भिजूनही शिव्या द्यायच्या सोडून पानांची चौकशी करणारा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तो पाणी तपासायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि तळमजल्यावरच्या पोहण्याच्या तलावाच्या कामाला आला होता. ती विमा कचेरीतली नोकरी सोडून गच्चीवर मातीशिवाय लेट्यूस पिकवत होती. पाइपांना भोकं, भोकांत रोपं आणि मुळांखालून खताचं पाणी फिरवणारा पंप, एवढाच तिचा पसारा. एका हॉटेलने 'महिनाभर बघतो' म्हटलं होतं. पानं हिरवीगार निघाली तर कायमची मागणी, नाहीतर पुन्हा तीच खुर्ची आणि तोच खेकसणारा साहेब.

"खत तर भरपूर घालते मी," ती कुरकुरली.

"ताट वाढलंय हो, पण तोंड बांधलंय. पाणी सहाच्या आसपास आणा, मग बघा कशी जेवतात."

त्याने टाकीत आम्लाचे थेंब मोजून सोडले, ढवळलं, मीटर बुडवला. सहा! तिला इतका आनंद झाला, की त्याला टॉवेल द्यायचंही राहून गेलं. तो टॉवेल तिच्याबरोबर राहणाऱ्या आत्याने आणून दिला, आणि देता देता पाहुण्याला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा आठावर. तिने फोन केला, तो आला. दोन दिवसांनी परत तेच. "आज ताप किती?" असं आत्या रोज विचारायची आणि चढलाय म्हटलं की चहाचं आधण ठेवायची. तो यायचा, टाकी रिकामी करून नवं पाणी भरायचा, मीटर वाकून बघताना दोघांची डोकी हमखास एकमेकांवर आपटायची.

"लागलं?" तो विचारायचा.

"नाही. तुम्हाला?"

"मला... जरासं."

तिची मात्र पंचाईत झाली होती. पाणी सुधारलं तर हा येणार नाही, आणि बिघडलं तर बाग हातची जाणार! रात्री ती पाणी नीट राहू दे म्हणायची, आणि सकाळी आकडा चढलेला दिसला की आधी आरसा शोधायची. स्वतःचीच लाज वाटत होती तिला.

मग एका दुपारी ती अवेळी गच्चीवर गेली, तर आत्या टाकीवर वाकलेली. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात खायच्या सोड्याचा डबा.

"आत्या!"

"ओरडतेस काय? चमचाभरच घातलाय." आत्या जराही वरमली नाही. "पाणी बिघडलं की तो येतो. तो आला की तू केस विंचरतेस. यात माझं काय चुकलं, सांग बरं!"

तेवढ्यात तो पेटी घेऊन दारात हजर. डबा बघून तो दचकला नाही, नुसता कानापर्यंत लाल झाला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आम्ल घातलं की फेस यायचा," तो पुटपुटला. "साध्या पाण्याला येत नाही..."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... काम संपलं असतं. पण रोपांना काही होऊ दिलं नाही मी. दर वेळी सगळं पाणी बदललं."

"माझी बाग पणाला लागली होती, आणि तुम्ही दोघं मिळून मला वेड्यात काढत होतात? चला, निघा!"

तो गेला. सोड्याचा डबा कुलपात गेला. पाणी सहावरून हललं नाही आणि लेट्यूस अशी तरारली, की हॉटेलच्या आचाऱ्याने एक पान कराकरा चावून तिथल्या तिथे सांगितलं, "दर आठवड्याला पाठवत जा."

ती धावत घरी आली. आत्याला सांगितलं, पण आनंद काही पुरा होईना. पानांतलं ज्याला कळतं त्याला सांगितल्याशिवाय कसा होणार? राग केव्हाच ओसरला होता, अडून बसला होता तो नुसता अभिमान. शेवटी तोही गिळून तिने फोन लावला.

"मागणी मिळाली," ती म्हणाली.

"खरंच?" तो इतक्या जोरात ओरडला, की तिने फोन कानापासून लांब धरला. मग हळूच, "पाणी किती आहे?"

"सहा."

"काल?"

"कालही सहाच. पंप चालू आहे, मीटर बरोबर आहे, कशाला काही झालेलं नाही."

"मग..." पलीकडचा आवाज पडला. "मग मी कशाला येऊ?"

"म्हणूनच या," ती म्हणाली. "बिघडल्यावर काय, कुणीही येतं."

पलीकडून दार आपटल्याचं ऐकू आलं आणि जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरत असल्याचं. फोन बंद करायचंही भान त्याला राहिलं नव्हतं.