ढगाची हजामत

कुत्रं सलूनमध्ये शिरलं तेव्हा ते काळं होतं, आणि पुढचे तीन दिवस सलूनवाल्याला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

चौकात रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या ओल्या डांबरात ते मनसोक्त लोळून आलं होतं. सगळे केस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या आणि दाराशी उभं राहून ते थरथरत होतं. सलूनवाल्याने पाणी ओतून पाहिलं, साबण लावून पाहिला, तेल चोळून पाहिलं. डांबर हटेना. शेवटी त्याने तेच केलं जे केस कापणारा कुठलाही माणूस करेल. झिरो मशीन काढलं आणि शेपटीपासून कानांपर्यंत सगळं साफ केलं.

पोस्टमनकाका रोजच्यासारखे दाढीला बसले होते. तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी निकाल दिला, "कुत्रं घेतलंस आणि उंदीर काढलास रे."

खरंच होतं. केसांखालून निघाला तो गुलाबी, ठिपकेदार, काडीसारख्या पायांचा एक ओशाळवाणा प्राणी. गळ्यात पट्टा नाही, काही नाही. अंग वाळवायला ड्रायर लावला, तर पठ्ठ्या त्या गरम वाऱ्यासमोर तोंड उघडून बसला, कुणी घास भरवत असल्यासारखा. सलूनवाल्याचा जीव तिथेच जडला. त्याने नाव ठेवलं टकलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. काखेत पोस्टरांची गुंडाळी, दातांत चिकटपट्टी, नाकावर घसरलेला चष्मा. दातांतून ती काहीतरी म्हणाली. त्याला काही कळलं नाही, तरी तो म्हणाला, "हो हो, अवश्य."

तिने दाराच्या काचेवर पोस्टर लावलं. 'हरवला आहे. नाव ढग. पांढरा, केसाळ, मोठा.' वर फोटो होता. खरोखर ढगच. त्यात पुढची बाजू कुठली नि मागची कुठली, तेही पटकन कळत नव्हतं.

"माझ्या बाबांचा आहे," चिकटपट्टी हातात घेऊन ती म्हणाली. "म्हणजे आईचा होता. आई गेली आठ महिन्यांपूर्वी... आता बाबांना तेवढाच आहे. मी लांब असते, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बातमी कळली आणि चार दिवसांची रजा काढून आले. दिसला तर सांगाल ना, दादा?"

त्या 'दादा'ने सलूनवाल्याचा चेहरा एवढासा झाला. पोस्टमनकाका फेसातल्या फेसात हसले.

"सांगेन की," तो म्हणाला. खरं तर तिच्याकडे बघता बघता पोस्टरकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

इतक्यात बेसिनखाली काहीतरी हललं. तिने वाकून पाहिलं. अंधारात फक्त एक बोडकी शेपटी दिसत होती.

"हे काय आहे?"

"आमचा टकलू."

"अरे बिचारा! खरूज झालीय का?"

"नाही, तब्येतच तशी आहे," सलूनवाला म्हणाला. स्वतःच्या हातची कारागिरी त्याला अशी मध्येच कबूल करवेना. टकलूही काही केल्या बाहेर येईना. लाजरा असेल, असं दोघंही धरून चालली.

त्यानंतर सगळं गाव त्या शोधाला लागलं. पोस्टमनकाकांनी टपालाबरोबर घरोघरी पोस्टरं वाटली. बसच्या ड्रायव्हरने एक मागच्या काचेवर लावलं. पाववाल्या बाई पावाच्या पिशवीत एकेक घडी घालून देऊ लागल्या. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते लोक संध्याकाळी बॅटऱ्या घेऊन "ढग! ढग!" अशा हाका मारत फिरले, आणि नवखी माणसं आभाळाकडे बघत राहिली. दोन दिवसांत लोकांनी तिला अकरा कुत्री आणून दाखवली. त्यातलं एक मांजर होतं.

"पांढरं आहे ना पण?" ते आणणारे आजोबा म्हणाले. तिने त्यांना चहा पाजला.

दिवसातून दोनदा ती सलूनमध्ये चौकशीला यायची. सलूनवाला शेजारच्या टपरीवरून दोन चहा मागवायचा. ती आली की टकलू बेसिनखाली, आणि ती गेली की सलूनवाला दारात.

"रस्ता दिसत नाही का तुला, असा वाकून बघतोस ते?" पोस्टमनकाकांनी विचारलं. "त्यापेक्षा तिच्याकडूनच डोळे तपासून घे."

तिसऱ्या दिवशी ती आली ती पोस्टमनकाकांशेजारच्या खुर्चीत बसूनच राहिली. चप्पल फाटली होती.

"बाबा काही खात नाहीयेत," ती म्हणाली. "ताट वाढलं की पहिला घास ढगाच्या वाडग्यात टाकतात आणि तसेच उठतात. मी काय करू सांगा ना..." तिने चष्मा काढून पुसला. "आणि तो मेला माझ्या हाकेला ओ सुद्धा द्यायचा नाही. मी घरी आले की त्याला आंघोळ घालते ना, म्हणून मला बघितलं की लपतो. आईवर मात्र जीव. आई केस वाळवायला बसली की हा ड्रायरसमोर तोंड उघडून..."

सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा थांबला.

आरशात पोस्टमनकाकांचे डोळे त्याला दिसले. तेही विस्फारले होते. दोघांनी हळूच बेसिनखाली पाहिलं. मग पोस्टरकडे. मग पुन्हा बेसिनखाली.

ड्रायर हाताशी होता. बटण दाबलं की संपलं. तीन दिवस ही पोरगी वणवण फिरली, आणि कुत्रं त्याच्याच दुकानात, त्यानेच भादरलेलं. यानंतर ती त्याचं तोंड तरी बघेल का? न दाबलं तर उद्याही चहाला येईल. पण तिकडे एक माणूस उपाशी बसलाय.

त्याने बटण दाबलं.

टकलू बेसिनखालून निघाला, ऐटीत चालत आला, आणि वाऱ्यासमोर बसून त्याने आ वासला.

ती बघत राहिली. चष्मा घातला. पुन्हा बघितलं.

"ढग?"

ढगाने डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं आणि आंघोळीचं काही सामान नाही ना, याची खात्री करून घेतली. मग शेपूट हलवलं, एकदाच.

"डांबर होतं हो," सलूनवाला घाईघाईने म्हणाला, "काळा होता तो, आईशप्पथ काळा, मला वाटलं..."

"ताई," पोस्टमनकाका म्हणाले, "तुम्ही लोकांचे डोळे तपासता ना?"

ती हसायला लागली की रडायला, ते नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही. रडता हसता तिने घरी फोन लावला, "बाबा, सापडला. पण... आधी खाली बसा."

बाबा बसले नाहीत. दहा मिनिटांत चालत आले, दोन पायांत दोन निराळ्या चपला. डोक्यावर जंगल, दाढी छातीपर्यंत. ढगाने त्यांच्या अंगावर अशी झेप घेतली की दोघे बाकावर आदळले. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. केस नाहीत हे त्यांच्या खूप उशिरा लक्षात आलं.

"हे काय झालं रे तुझं?" ते म्हणाले, आणि एकदम हसले. पोरगी चमकली. ते हसणं तिने आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं. "माझंही करून टाका आता. ही होती तोवर घरीच कापायची. नंतर कुणाकडे जावंसंच वाटलं नाही."

"झिरो?"

"नको. माणसासारखं करा."

पोस्टमनकाका उठून शहाण्यासारखे टपालाला निघून गेले. तासाभराने खुर्चीत बाबा मागे रेलले होते, तोंडावर गरम टॉवेल होता आणि पायाशी ढग घोरत होता.

"रागावलात?" सलूनवाल्याने तिला हळूच विचारलं.

"खूप. चप्पल नवी होती माझी."

"खरं सांगू? तीन दिवस तुम्ही येत होता आणि मला... मला बरं वाटत होतं. तुमचं कुत्रं हरवलेलं आणि मला बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायला."

तिने वाकून ढगाचा कान खाजवला. मग म्हणाली, "उद्या रजा संपतेय माझी."

"केस महिन्याभरात वाढतात," तो म्हणाला. "बाबांचे. कापायला आणावं लागेल कुणीतरी."

"बाबा चालत येतात. बघितलंत ना आत्ता."

"मग मला दुसरं कारण सुचत नाहीये."

"कारण कशाला लागतं? सरळ विचारा की."

त्याने हातातला कंगवा खाली ठेवला. "याल? पुढच्या महिन्यात?"

"महिन्याने?" तिच्या भुवया वर गेल्या. "मला दर गुरुवारी सुट्टी असते."

"गुरुवारी मी दुकान बंद ठेवीन. दर गुरुवारी."

"मी झोपलोय," टॉवेलखालून आवाज आला. "चालू द्या तुमचं."

दोघंही दोन पावलं मागे सरकली.

"फक्त एवढंच," आवाज पुढे म्हणाला, "गुरुवारी उन्हातान्हात फिरू नका कुठे. घरी जेवायला या. भाजी मी करतो."

"बाबा, तुम्हाला कुठे येते भाजी?"

टॉवेलचं एक टोक वर झालं.

"गुरुवारपर्यंत शिकेन," बाबा म्हणाले.