पहिल्या बाराचा धूर

नेमबाजीच्या मैदानावर दिवसातला तो पहिलाच बार. जळती वात बंदुकीच्या दारूला टेकली आणि वृद्ध इसुरुगींच्या हातातलं जुनं पिस्तूल फुटलं. दोन बोटं गेली.

रुग्णवाहिकेत चढताना त्यांची मुलगी चिझुरु म्हणाली, "नागुमोबाई, हा अपघात नाही. बाबा चाळीस वर्षं हेच करतायत. शोधून काढा!"

खासगी गुप्तहेर नागुमोबाईंनी फुटक्या नळीतून रुमाल फिरवला. त्यांचा सहायक, निवृत्त हवालदार तोबे वाकून बघत होता.

"रुमाल पांढराच की!"

"हो ना. जपून ठेव."

इसुरुगींच्या दारूच्या कुप्या सकाळपासून चहाच्या खोलीत उघड्यावर होत्या. तिथे दोघंच गेले होते: प्रतिस्पर्धी हात्सुदा आणि इसुरुगींचा शिष्य कुगुरी. दोघंही शिकारी. जुन्या पिस्तुलांच्या जागतिक स्पर्धेची एकच जागा, तिच्यावर तिघांचा डोळा.

हात्सुदा उसळला. "माझ्यावर संशय? अहो, शेजारीच होतो मी! बोटं उडताना पाहिली. त्यांचा तो पांढराफटक चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाहीये."

कुगुरी पुढे झाला. "गुरुजींच्या मागेच उभा होतो, नेहमीसारखा. धुराचा लोट उठला. विरला तेव्हा ते खाली कोसळलेले..."

"हात्सुदाच तो," तोबे कुजबुजला. "आवाज बघा किती चढलाय!"

"आवाज सोड, शब्द ऐक." नागुमोबाई दोघांकडे वळल्या. "या पिस्तुलांतली काळी दारू जळली की धुरात शेजारचा माणूस दिसत नाही आणि नळीत काजळी धरते. ही नळी स्वच्छ आहे. कुणीतरी शिकारीच्या काडतुसातली आधुनिक दारू भरली. तिचा धूर होत नाही, पण असली जुनी नळी ती फोडते. हात्सुदांना सगळं दिसलं, कारण धूर नव्हताच. कुगुरी, तुम्हाला तो कुठून दिसला?"

कुगुरी एक पाऊल मागे सरकला.

"दारू बदलताना सगळा विचार केलात. खोटं मात्र नेहमीचा धूर आठवून बोललात. तुम्ही तिथे नव्हताच."

"छपरीमागे होतो," तो कसाबसा म्हणाला. "कान दाबून. बघवलं नसतं मला. वीस वर्षं माझा दुसराच नंबर येतोय, बाई... वाटलं, हात भाजेल, एवढंच."

"हरामखोरा!" हात्सुदा धावून गेला. तोबेनं त्याला धरलं.

तेवढ्यात तोबेचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"चिझुरु बोलत होती. गुरुजी शुद्धीवर आलेत." त्यानं कुगुरीकडे पाहिलं. "पहिलं हेच विचारलं त्यांनी, माझ्या मागे नेहमीसारखा कुगुरी उभा असेल, त्याला लागलं तर नाही ना?"